हिवरओढ्याची हरकत

हिवरओढा मंगळवारी सकाळी साडेदहाला हरकतीचा अर्ज घेऊन निंबोणीच्या पाणलोट नकाशा कक्षात आला, आणि साहेब अजून यायचे होते म्हणून त्याला बाकावर बसवण्यात आलं.

तसा तो कार्यालयाच्या मागून रोजच जात असे. पण अर्ज पुढच्या दारानेच घ्यायचे अशी तिथली पद्धत, म्हणून तो वळसा घालून, मंडईतून विचारत विचारत आला होता. बाक लाकडी आणि ओढा वाहता, त्यामुळे बसणं काही त्याला जमेना. शेवटी शिपाई गेनू कदमाने मागच्या पडवीतला कपडे भिजवायचा टब आणून दिला. वैशाख चालू होता, ओढा टबात मावला. हाच श्रावणात आला असता तर टबाऐवजी कार्यालयच हलवावं लागलं असतं.

"कुणाला भेटायचंय?" मंगल देशिंगेने टेबलावरून विचारलं.

"ज्यानं ह्यो नकाशा काडला, त्येला."

"मीच काढलाय."

ओढा क्षणभर थांबला. टबातलं पाणी स्थिर झालं, आणि ते पहिल्यांदाच झालं असावं. "मग हरकत तुमच्यावरच हाय, बाई. राग मानू नगा."

मंगलला राग आला नाही, पण तिचा हात नकळत नकाशाच्या कोपऱ्यावर गेला. बारा वर्षं ती या कक्षात नकाशा सहायक होती. तिच्यामागून नोकरीला लागलेले बाकीच्या तालुक्यांत साहेब होऊन खुर्च्या फिरवत होते आणि ही आपली पहिल्या पायरीवर. पण या वर्षीच्या नकाशाच्या कोपऱ्यात 'रेखन : मं. वि. देशिंगे' असं एकटीचं नाव छापून आलं होतं. तो कोपरा तिने घरी जाऊन सासूबाईंना चष्मा लावून वाचायला लावला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. निंबोणी तालुक्यात पाणी मंजूर नकाशाप्रमाणे वाहतं. बाकीच्या तालुक्यांत ते उताराने वाहतं असं ऐकिवात आहे, पण तिथे एकूणच शिस्त कमी. निंबोणीत दर पाच वर्षांनी नवा नकाशा निघतो, पंधरा दिवस हरकती घेतल्या जातात, आणि एक जूनपासून प्रत्येक ओढ्याने, नाल्याने आपापल्या रेघेवर हजर व्हायचं. आजवर कुणी कुचराई केलेली नाही.

"काय हरकत आहे?" मंगलने अर्ज पुढे ओढला. तो ओला होता, पण अक्षर वळणदार होतं.

"पांढरमाळाच्या रस्त्यापाशी तुमी मला डावीकडं वळवलंय. रस्त्याच्या कडंकडंनं चारशे पावलं, मग ताराबाई लोंढ्यांच्या सैपाकघरातनं, आन् तितनं पलीकडच्या दुसऱ्याच नाल्यात. आता माझी ना न्हाई. रेघ म्हंजे रेघ. एक तारखेला मी जाईन. पन ताराबाईनं ह्या चैतातच नवा ओटा बांदलाय, काळ्या दगडाचा. वीस वर्सं चुलीम्होरं बसून काडली तिनं. त्या ओट्यावर चिखल घेऊन जायाचं माझ्या जिवावर आलंय."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं की. ती म्हनली, ये बाबा, तुझा तरी काय विलाज. डबे वरच्या फळीवर चढवायला लागलीया."

मागच्या पडवीतून गेनू पुढे आला. "म्हंजे हितनं मागनं जायचं बंद? मग टॉवेल कुटं धुवायचा आमी?"

मंगलने संगणकावर पांढरमाळ उघडला. तिचं काम असं चाले : आकाशातून मोजलेली जमिनीची उंची तिच्याकडे आकड्यांत येई. सगळा तालुका दहा-दहा मीटरच्या चौकोनांत कापलेला, प्रत्येक चौकोनाला एक उंची. संगणक आधी सगळे खड्डे बुजवून घेई, म्हणजे पाणी कुठे अडकून बसायला नको. मग प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघे आणि सगळ्यांत खालच्याच्या अंगणात आपलं पाणी ढकलून देई. शेजाऱ्यांची ही पद्धत सगळीकडेच आहे, त्यात संगणकाचा दोष नाही. असं करत करत एखाद्या ठिकाणी हजार चौकोनांचं पाणी गोळा झालं, की त्याला ओढा म्हणायचं आणि निळी रेघ ओढायची.

तिने पडदा मोठा केला. निळी रेघ सरळ येत होती, रस्त्यापाशी आली आणि भिंतीला धडकल्यासारखी डावीकडे वळली.

"रस्त्याचा भराव तीन मीटर उंच आहे," ती म्हणाली. "त्यावर तुम्ही चढणार कसे? म्हणून वळवलंय."

"चढतंय कोन? खालनं जातो की. मोरी हाय न्हवं का."

मंगलने आकडे पुन्हा पाहिले. मोरी आकड्यांत नव्हती. असणारच कशी? आकाशातून बघणाऱ्याला रस्ता दिसतो, रस्त्याखालचं भोक दिसत नाही. पण मंगल काही आकाशात राहत नव्हती. ती राहायची रानमळ्याला, आणि गेली बारा वर्षं रोज सव्वानऊच्या एसटीने त्याच रस्त्यावरून, त्याच मोरीवरून कामाला येत होती. तिथे गाडीला एक आचका बसतो एवढंच तिला ठाऊक होतं. तिला स्वतःची भारी लाज वाटली. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात तो असा.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"आसू द्या. मानूस वरनं गेलं की खालचं दिसत न्हाई. माझंबी तसंच हाय. रस्ता कसा हाय ते मला तरी कुटं म्हाईत?"

"तिकडे तुमच्या जागी आत्ता कोण आहे?"

"वडाखालचं डबकं बसवून आलोय. शानं हाय, पन भित्रं. तुमचा संगनक डबकी बुजवतो आसं कुनीतरी त्येच्या कानावर घातलंय."

"बुजवतो," मंगल म्हणाली. "पहिल्यांदा तेच करतो."

"मी न्हाई त्येला सांगनार," ओढा म्हणाला.

साहेब अकरा वाजता आले. उपअभियंता हणबर हे सज्जन गृहस्थ होते आणि नियमाबाहेर शिंकतसुद्धा नसत. टबाकडे बघून त्यांनी नमस्कार केला, अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

"मोरी आहे याला पुरावा?"

"मी सोता जातो की तितनं."

"तुम्ही हितसंबंधी आहात. तुमचं म्हणणं धरता येणार नाही."

"मी पाहिलेली नाही साहेब, पण चूक उघड आहे," मंगल म्हणाली. "रेघ सरळ करून टाकते."

"देशिंगे, मंजूर रेघ अशी हलवता येत नाही. स्थळपाहणी करू, पाच पंच बोलावू, पंचनामा करू. पंचनाम्यात येईल ते नकाशात येईल. त्यात एका अक्षराचीही काटछाट होणार नाही." ते ओढ्याकडे वळले. "आपला क्रम कोणता?"

"पैलाच."

इथे क्रमाचं सांगितलं पाहिजे. डोंगरातून एकटा निघालेला प्रत्येक ओढा पहिल्या क्रमाचा. पहिल्या क्रमाचे दोघं एकमेकांना मिळाले, की तिथून पुढे दोघं मिळून दुसऱ्या क्रमाचे होतात. पण पहिल्याचा जाऊन दुसऱ्याला मिळाला, तर दुसऱ्याला त्याचं काही नाही, आणि पहिल्याचं तिथेच नाव पुसतं. वाढायचं तर बरोबरीचं कुणीतरी भेटावं लागतं.

"इतक्या वर्षांत पहिलाच?" मंगलने विचारलं.

"बरोबरीचं कुनी वाटंवर आलंच न्हाई. म्होरं जाऊन थोरल्या नाल्यात पडतो, झालं." ओढ्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मंगलला मात्र ते लागलं. तिने उगाचच टेबलावरचा कागद सारखा केला.

बुधवारी सकाळी मंगल, हणबर साहेब आणि ओढा असे तिघं एसटीने पांढरमाळाला निघाले. गेनूने ओढ्याला वीस लिटरच्या जारमध्ये भरून दिलं होतं. कंडक्टर जाडजूड आणि काटेकोर होता. "जारचं लगेज होईल," तो म्हणाला.

"लगेज नाही, प्रवासी आहेत," हणबर साहेबांनी खुलासा केला.

कंडक्टरने जारकडे निरखून पाहिलं. "ज्येष्ठ नागरिक का?"

"गाव बसायच्या आदीपासनं हाय मी."

"वयाचा दाखला?"

"दाखला द्यायला तवा कुनी नव्हतं."

कंडक्टरला हे पटलं. त्याने सवलतीचं तिकीट फाडलं आणि जार खिडकीपाशी ठेवायला लावला. ओढा सगळ्या वाटेने बाहेर बघत होता. मोरीवर आचका बसला तेव्हा तो हळूच म्हणाला, "आसं वाटतं व्हय वरनं."

रस्त्यावर पंच जमले होते : ताराबाई लोंढे आणि गावातली चार माणसं. ताराबाई कमरेला पदर खोचून आल्या होत्या आणि त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता, कारण डबे वर चढवण्याचं काम अर्ध्यावर टाकून त्या आल्या होत्या. मंगलने जार वरच्या अंगाला नेऊन रिकामा केला. वडाखालच्या डबक्याने हुश्श केलं आणि ते बाजूला झालं.

हणबर साहेब रस्त्याच्या मधोमध छत्री उघडून उभे राहिले. पाहणी वरूनच करायची असा नियम होता. "पश्चिमेला पाणी आलं," ते लिहू लागले. "दिसेनासं झालं. पूर्वेला पाणी दिसलं." मग त्यांनी पेन थांबवलं. "पण तेच कशावरून?"

"आवो, तेच की!" ताराबाई म्हणाल्या. "दुसरं कुटनं येनार?"

"बाई, पाणी सगळं सारखंच दिसतं. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं एकच, हे ओळखायचं कशावरून? पाण्यावर काही नाव घातलेलं असतं का?"

बाकीच्या चारी पंचांनी माना डोलावल्या. हे खरंच होतं. ओढ्यापाशी आपलं म्हणून दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी ते वाहून गेलं असतं.

ताराबाईंना मात्र यात अवघड काही दिसेना. "नावच पायजे ना?" त्यांनी हातातला डबा पुढे केला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलं होतं : 'चि. सौ. कां. तारा हिस लग्नात मामाकडून सप्रेम भेट.' "ह्यो हिकडनं सोडा. तिकडनं निगाला तर माझाच हाय का न्हाई, मी सांगते. माझ्या मामाचं अक्षर हाय."

साहेबांना हे पूर्णपणे नियमात बसतंय असं वाटलं. डबा पाण्यावर ठेवला. तो डौलात तरंगत मोरीत शिरला आणि दिसेनासा झाला. सगळे पूर्वेच्या कठड्याला गेले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाणी येत होतं, डबा काही येईना.

"अडाकला," आतून ओढ्याचा आवाज आला. "मदी गाळ हाय. उन्हाळ्याचा जोरच न्हाई माझ्यात. माफ करा, ताराबाई."

"आगं बया, मामाचा डबा!" ताराबाईंचा आवाज पहिल्यांदाच बदलला. ओट्यासाठीसुद्धा त्या इतक्या कळवळल्या नव्हत्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वस्तू बाहेर आली नाही, अशी नोंद करावी लागेल. म्हणजे मोरी सिद्ध होत नाही. रेघ आहे तशीच राहील."

मंगलने त्यांच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात तिचं नाव असलेल्या नकाशाकडे. रेघ तशीच राहिली, तर एक तारखेला एक भला ओढा एका भल्या बाईच्या नव्या ओट्यावरून जाणार, आणि खाली नाव मं. वि. देशिंगे. तिने चपला काढल्या, साडीचा काचा मारला, गळ्यातलं ओळखपत्र नीट पुढे केलं आणि उतारावरून खाली उतरली.

"देशिंगे, कुठे निघालात?"

"मी जाते साहेब. माझ्यावर नावही आहे, फोटोही आहे."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं : 'मं. वि. देशिंगे पश्चिमेला आत गेल्या.'

आत गार होतं. घडीव दगडांची कमान, त्यावर शेवाळ, आणि घोट्याएवढं पाणी. मंगल ओणवी होऊन चालू लागली.

"डोकं संबाळा, बाई. हितं दगुड खाली आलाय," ओढा म्हणाला. "आन् डावा पाय जरा बाजूला. खेकडा हाय, पन आपल्यातलाच हाय."

डबा मधोमध गाळात तिरका रुतला होता. तिने तो उपसला, पदराने पुसला. त्याच वेळी डोक्यावर गडगडाट झाला, दगड थरथरले आणि फटींतून माती खाली पडली.

"काय झालं?"

"एसटी गेली. ह्ये तर काहीच न्हाई, सव्वानऊची लई जोरात जाती. रोज आंगावर माती पडती."

"त्या गाडीत मी असते," मंगल म्हणाली. "बारा वर्षं."

"म्हाईत हाय. खिडकीतनं एकदा चिचुका टाकला हुता तुमी. म्होरं त्येचं झाड झालंय. दावीन."

मंगलला हसू आलं. बारा वर्षांत ज्येष्ठता यादीतसुद्धा तिची दखल कुणी घेतली नव्हती, आणि इथे खाली, मातीचा मारा खाऊनही, कुणीतरी तिचा हिशेब चिंचेच्या झाडाने ठेवला होता. "चला," ती म्हणाली. दोघं मिळून पुढे निघाले आणि दोघं मिळून पूर्वेला उजेडात आले.

कठड्यावरून साहेब वाकले होते. त्यांनी ओळखपत्रावरचा फोटो आणि मंगलचा चेहरा ताडून पाहिला. चेहऱ्यावर चिखल होता, पण कान जुळले. ताराबाईंनी मामाचं अक्षर ओळखलं. पाचही पंचांनी सह्या केल्या. पंचनामा असा झाला : 'सदर मोरीतून हिवरओढा व मं. वि. देशिंगे हे दोघे एकत्र वाहत बाहेर आले.'

"साहेब, मी चालत आले," मंगल म्हणाली.

"पश्चिमेकडून आत, पूर्वेकडून बाहेर, उताराच्या दिशेने. कक्षाच्या व्याख्येप्रमाणे याला वाहणं म्हणतात. सह्या झाल्या आहेत देशिंगे, आता एका अक्षराचीही काटछाट नाही."

दुपारी कार्यालयात मंगलने पंचनामा संगणकाला दिला. हिवरओढ्याची रेघ मोरीतून सरळ झाली. ताराबाईंच्या स्वयंपाकघरावरचा निळा रंग पुसला गेला. आणि वाहणाऱ्याला उगम हवाच, म्हणून रानमळ्याहून, देशिंग्यांच्या घराच्या उंबऱ्यापासून निघून, रस्त्याने मोरीपर्यंत येणारी एक नवी निळी रेघ उमटली.

"हजार चौकोन भरतात का हिचे?" साहेबांनी विचारलं. "त्याशिवाय ओढा धरता येणार नाही."

मंगलने मोजायला लावलं. संगणक बराच वेळ घरघरला. बारा वर्षांत तालुक्यातला प्रत्येक चौकोन तिच्या टेबलावर येऊन मिळाला होता, एकूण एक. आकडा पडद्याच्या बाहेर गेला.

"भरतात," साहेब म्हणाले. त्यांनी तिचं सेवापुस्तक मागवलं, चाळलं. "बारा वर्षं पहिलीच पायरी. म्हणजे पहिला क्रम. तिकडे ओढाही पहिल्या क्रमाचा." चष्मा काढून त्यांनी तो पुसला. "मोरीपासून पुढे दोघेही दुसऱ्या क्रमाचे."

गेनूने मागच्या पडवीत जाऊन ओढ्याला ही बातमी सांगितली. ओढा एवढा खळखळून हसला की गेनूचा दोरीवरचा वाळलेला टॉवेल पुन्हा भिजला.

एक जूनला मंगल सव्वानऊच्या एसटीने निघाली आणि मोरीवर आचका बसायच्या आधीच तिने दोरी ओढली. कंडक्टरने काही विचारलं नाही. नव्या नकाशाची प्रत त्याच्याकडेही आली होती. तिने चपला पिशवीत घातल्या आणि खाली उतरली. वडाखालचं डबकं तिला बघून आकसलं. "तुला नाही हात लावत," ती म्हणाली, "नोंद केलीय तुझी." मग ते पसरून बसलं.

ओढा थांबला होता. दोघं मोरीतून गेले. पलीकडे त्याने तिला चिंचेचं रोप दाखवलं. ते कमरेएवढं झालं होतं. पुढच्या वळणावर ताराबाई हातात डबा घेऊन उभ्या होत्या, मामाचाच. त्यात साखरभात होता, नव्या ओट्यावर केलेला. "दुसऱ्या क्रमाचं गोड नको व्हय?" त्या म्हणाल्या. ओढ्याने दोन शितं घेतली, बाकी मंगलने खाल्लं.

दहाला पाच कमी असताना ती कार्यालयाच्या मागच्या पडवीत पोचली. गेनूने टॉवेल तयार ठेवला होता. पाय पुसून ती आत जायला निघाली, तर दारात हणबर साहेब. दार अरुंद होतं, आणि आजवर अशा वेळी तीच मागे सरायची.

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. खालच्या क्रमाने वरच्या क्रमाला वाट द्यायची, हा नियम त्यांनीच नकाशाखाली चिकटवला होता. मंगलची रेघ नकाशात ठळक होती. साहेब नकाशात कुठेच नव्हते.

"या देशिंगे," ते म्हणाले आणि बाजूला झाले.